सोळा मात्रा, पाच ठोके: न्यूयॉर्कमध्ये कोंगा शिकताना

तीनताल हातावर धरता येत असेल, तर पुढचं वाचण्याआधी एवढं करून पाहा. १६ मात्रा मनात सावकाश मोजा आणि पहिल्या, चौथ्या, सातव्या, अकराव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी द्या. बाकी सगळीकडे गप्प. दोन-चार आवर्तनांत हातांना सवय होते, मन मात्र कुरकुरत राहतं. पाचवी मात्रा कोरडी गेली. नववीवर खाली दाखवायची, तिथेही काहीच नाही. आणि सोळा संपून एक आली, तेव्हा समेवर येण्याचा जो आनंद आपल्या अंगात लहानपणापासून मुरलेला असतो, तो कुठे मिळालाच नाही.

हे पाच ठोके म्हणजे क्लावे. क्यूबाचं जवळजवळ सगळं लोकप्रिय संगीत त्यांच्यावर उभं आहे. वर दिलेली ती सोन क्लावे; सोन हा तिथला गाण्या-नाचाचा प्रकार. सातवीवरचा ठोका एक घर पुढे सरकवून आठवीवर नेला की झाली रुंबा क्लावे; रुंबा म्हणजे तिथलंच ढोल, गाणं आणि नाच यांचं संगीत. बाकीचे चार ठोके जिथल्या तिथे. एका मात्रेच्या या सरकण्याने चाल इतकी बदलते, की आजही रुंबा क्लावे सुरू झाली की मला पाय हलवल्याशिवाय बसवत नाही.

मी पुण्यात शाळकरी वयात तबला शिकले, कॉलेजात ढोलपथकात होते. नोकरीसाठी न्यूयॉर्कला आल्यावर हात रिकामे राहिले. ते आता ईस्ट हार्लेममधल्या एका तळघरात कामाला लागलेत. या वस्तीला इथले लोक ‘एल बार्रिओ’ म्हणतात. प्रसिद्ध तालवादक तितो पुएन्ते इथलाच, म्हणून ११०व्या रस्त्याच्या एका भागाला त्याचं नाव दिलंय. आमचे गुरुजी क्यूबातल्या मातान्सास शहरातले. १९८० मध्ये क्यूबाच्या मारिएल बंदरातून सुमारे सव्वा लाख माणसं बोटींनी अमेरिकेत आली, त्यांत तेही होते. त्या लोंढ्यात बरेच ढोलवादक आले आणि न्यूयॉर्कच्या रुंबाला नवं बळ मिळालं. ओर्लांदो ‘पुंतिया’ रिओस हे त्यांतलं सर्वांत मोठं नाव. आम्ही गुरुजींना ‘प्रोफे’ म्हणतो. ते मला ‘मिहा’, म्हणजे बाळ, अशी हाक मारतात आणि मग अजिबात लाड करत नाहीत.

पहिले कितीतरी वर्ग त्यांनी मला कोंगाला, म्हणजे क्यूबाच्या उंच ढोलाला, हात लावू दिला नाही. दोन लाकडी दांडके, पायांत लय, हातांत क्लावे आणि तोंडाने कोरसची ओळ, एवढंच. आपल्याकडेही गुरू आधी हातावर ताल धरायला लावतात, त्यामुळे मला ते परकं वाटलं नाही. फरक वेगळाच आहे. आपला ताल सांगतो की आवर्तन कुठे सुरू होतं आणि कुठे वळतं. क्लावे तसं काही सांगत नाही. तिची एक बाजू तीन ठोक्यांची, दुसरी दोन ठोक्यांची. एक बाजू ताणते, दुसरी सैल सोडते. गाणं दोनच्या बाजूनेही सुरू होऊ शकतं. गायकाची ओळ, पियानो, ढोल, नाचणाऱ्याचं पाऊल, सगळ्यांनी त्या ताणाच्या आणि सैलाच्या बाजूशी जमवून घ्यायचं. कुणी उलट्या बाजूला गेलं की ‘क्रुसादो!’, म्हणजे उलटं पडलं, अशी हाक येते आणि सगळे थांबतात.

मग एकदाचा ढोल समोर आला. आपण ज्याला कोंगा म्हणतो त्याला क्यूबात तुंबादोरा म्हणतात. पिंपासारखा, लाकडी पट्ट्या जोडून केलेला, उंची साधारण ७५ सेंटिमीटर, वर एकाच बाजूला जाड कातडं. शाई नाही, त्यामुळे तबल्याचा तो गोल, रेंगाळणारा नाद इथे शोधायचा नाही. तबल्यात प्रत्येक बोट स्वतंत्र काम करतं. इथे चार बोटं एकत्र येतात, पंजा काठाशी जिथे वाकतो तिथे टेकतो, बोटं पडून लगेच उसळतात आणि खुला नाद सुटतो. बोटं उसळू न देता बोटांच्या टोकांनी कातडं पकडलं की चटकन फुटणारा तीक्ष्ण आवाज. पूर्ण तळवा मध्यभागी टाकला की खर्ज. आणि या सगळ्यांच्या खाली सतत चालणारी डाव्या हाताची डुलकी: आधी तळव्याची टाच, मग बोटांची टोकं, टाच, टोकं. ही डुलकी समोरच्याला ऐकू आली-न आली तरी चालते, पण ती थांबली की लय पांगळी होते.

ज्यांना ठेका समजून घ्यायला आवडतो त्यांच्यासाठी ‘तुंबाओ’ इथे मांडते. साल्सात, सोनमध्ये सतत ऐकू येतो तो हाच. ८ मात्रांचा. पहिलीवर डावी टाच, दुसरीवर डावी टोकं, तिसरीवर उजव्या हाताचा तीक्ष्ण ठोका, चौथीवर डावी टोकं, पाचवीवर टाच, सहावीवर टोकं, आणि सातवी-आठवीवर उजव्या हाताचे दोन खुले, मोठे ठोके. तबल्यावर वाढलेला कान त्या दोन मोठ्या ठोक्यांपैकी एकाला सम मानायला धावतो. भरलेला आवाज तिथेच आहे ना! पण खरी पहिली मात्रा त्यांच्या नंतर येते, आणि तिथे फक्त टाचेचा दबका स्पर्श असतो. वजन समेच्या आधी पडतं आणि समेला मोकळं ठेवतं. बेस गिटारही तेच करते, पुढच्या मात्रेचं काम आधीच उरकून घेते. म्हणून तर ऐकणारा जागच्या जागी पुढे ओढला जातो.

आता हा तुंबाओ दोनदा वाजवून १६ मात्रा करा आणि वर क्लावे ठेवा. सोन क्लावेचा तिसरा ठोका सातवीवर, म्हणजे बरोबर पहिल्या खुल्या ठोक्यावर बसतो. रुंबा क्लावेचा आठवीवर, म्हणजे दुसऱ्यावर. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मेट्रोत मांडीवर वाजवताना सापडलं, आणि माझं स्टेशन मागे गेलं तरी मी मोजतच होते.

सोनच्या वाद्यवृंदात हा ढोल तसा उशिरा आला. आधी तिथे बोंगो, म्हणजे छोट्या ढोलांची जोडी, असायची. १९४० च्या सुमारास आर्सेनिओ रोद्रीगेस या अंध तंतुवादकाने आपल्या वाद्यवृंदात तुंबादोरा आणला. तोवर ते गरीब काळ्या वस्त्यांचं वाद्य मानलं जाई, प्रतिष्ठित ठिकाणी त्याला प्रवेश नसे. १९४७ मध्ये हवानाच्या चानो पोसोने न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये जॅझ ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पीबरोबर कोंगा वाजवला आणि जॅझची दिशाच बदलली. पुढच्याच वर्षी, १९४८ च्या डिसेंबरात, हार्लेममधल्या एका बारमध्ये त्याला गोळी घातली गेली. वय ३३. आमच्या वर्गापासून ती जागा लांब नाही, आणि तिथून जाताना मला दर वेळी त्याची आठवण होते. क्यूबाच्याच कांदिदो कामेरो या कोंगावादकाला मात्र दीर्घायुष्य लाभलं. एकट्या माणसाने दोन, मग तीन कोंगा समोर ठेवून वाजवायची वाट त्याने पाडली, आणि २०२० मध्ये ९९व्या वर्षी तो न्यूयॉर्कमध्येच गेला.

मला स्वतःला वेड लावलं ते रुंबाने. बॉलरूममध्ये याच नावाने जे नाचतात त्याच्याशी याचा फारसा संबंध नाही. ही हवाना आणि मातान्सासच्या गोद्यांवरच्या, साखर कारखान्यांभोवतीच्या, चाळींच्या अंगणांतल्या काळ्या कष्टकऱ्यांची गोष्ट. हैतीत १७९१ मध्ये गुलामांचा उठाव झाला, तिथला साखरेचा धंदा बसला आणि क्यूबात मळे वाढले. त्या मळ्यांसाठी एकोणिसाव्या शतकात खूप उशिरापर्यंत आफ्रिकेतून माणसं पकडून आणली जात होती. गुलामी संपली १८८६ मध्ये. म्हणजे आफ्रिकेत जन्मलेली, योरुबा किंवा कोंगो भागातल्या भाषा बोलणारी माणसं विसाव्या शतकाच्या तोंडाशी तिथे जिवंत होती. शहरांत आपापल्या मुलखाच्या लोकांच्या मंडळ्या होत्या, त्यांना काबिल्दो म्हणत. सणावारी ढोल वाजवायची त्यांना मुभा असे. अमेरिकेच्या दक्षिणेत १७३९ च्या स्टोनो उठावानंतर गुलामांच्या ढोलांवर बंदी आली, तसं इथे सरसकट झालं नाही. ढोल नसतील तेव्हा लोक खोक्यांवर वाजवत. सुक्या माशांची, मेणबत्त्यांची लाकडी खोकी. याम्बू हा रुंबाचा सर्वांत संथ प्रकार अजूनही बऱ्याचदा खोक्यांवरच वाजवतात.

रुंबाचे तीन ढोल. सर्वांत जाड आवाजाचा पाया धरतो, मधला त्याला उत्तर देतो, दोघांच्या खुल्या ठोक्यांतून एक छोटीशी धून तयार होते. कुठल्याही एकाचा भाग वेगळा ऐकलात तर तो अपुरा वाटतो, आणि तसाच तो असायला हवा. मला आधी जाड ढोल मिळाला. आवर्तनात मोजके ठोके, तेही दुसऱ्याला जागा सोडून. एकल तबलावादनाच्या ओढीने मी वाढले. कायदे, रेले, चक्रदार तिहाया हेच स्वप्न. इथे त्याच मोजक्या ठोक्यांवर अर्धा तास स्थिर राहणाऱ्याला खूप मान आहे. प्रोफे नव्या माणसाची पारख तो किती वाजवतो यावरून करत नाहीत, मधल्या ढोलाचं उत्तर त्याला ऐकू येतंय का ते बघतात.

तिसरा, लहान आणि उंच आवाजाचा किंतो. बोलण्याचं काम त्याचं. योरुबांच्या पवित्र बाता ढोलांत सर्वांत मोठा, इया, बाकीच्या दोघांना हाकतो. रुंबात हे उलटं झालं: जाड ढोल स्थिर, आणि मोकळीक सर्वांत बारक्याला. ग्वाग्वांको या रुंबाच्या दुसऱ्या प्रकारात एक जोडी नाचते. पुरुष अचानक कंबरेने, हाताने किंवा पायाने बाईला ‘गाठायचा’ इशारा करतो आणि ती घागऱ्याने किंवा रुमालाने तो अडवते. किंतोवाल्याची नजर त्या दोघांवर खिळलेली असते, तो इशारा त्याला नेमका ठोक्यात पकडायचा असतो. फडावर ढोलकीवाला नाचणारीच्या पावलांवर डोळा ठेवून बसतो ना, अगदी तसा. कोलंबिया हा तिसरा प्रकार मातान्सासच्या ग्रामीण भागातला, एकट्याने नाचायचा, १२ मात्रांच्या झोकाचा. तिथली क्लावे पहिली, तिसरी, सहावी, आठवी आणि दहावी. एकताल येणाऱ्यांनी ही धरून बघाच.

उन्हाळ्यातल्या रविवारी सेंट्रल पार्कच्या तळ्याकाठी रुंबा रंगतो. अनेक दशकांची प्रथा आहे ही. १९९० च्या दशकात पोलिसांनी ती बंद पाडायचा बराच प्रयत्न केला, तरी टिकली. तिथे कुणी बोलावल्याशिवाय ढोलाला हात लावायचा नाही. कोरस मात्र गायचा, नुसतं उभं राहणं बरं दिसत नाही. मला तिथे ढोलावर बसलेल्या बायका कमी दिसतात. अभिमंत्रित बाता ढोल परंपरेने पुरुषच वाजवतात, आणि ती श्रद्धेची बाब असल्याने त्यावर बाहेरून मी काही बोलणार नाही. पण हवानाच्या ओबिनी बाता या बायकांच्या पथकाने १९९३ पासून अभिमंत्रित नसलेले बाता ढोल रंगमंचावर वाजवून दाखवलेत. पुण्यात कमरेला ढोल बांधून मिरवणुकीत चालणाऱ्या मुली पाहिलेल्या, त्यांतलीच एक असलेल्या मला ओबिनी बाताचं वादन बघताना फार अभिमान वाटला.

पुण्या-मुंबईहून विचारणा होते की कोंगा घ्यायचा तर कुठला. आता चांगले कोंगा जगभर बनतात, त्यामागेही एक कहाणी आहे. १९६२ च्या अमेरिकन बंदीनंतर क्यूबातून वाद्यं येणं थांबलं, तेव्हा मार्टिन कोहेन या इंजिनिअरने न्यूयॉर्कच्या वादकांना विचारून विचारून स्वतःच वाद्यं बनवायला घेतली आणि १९६४ मध्ये लॅटिन पर्कशन ही कंपनी काढली. पूर्वी कातडं खिळ्यांनी ठोकलेलं असे आणि स्वर चढवायला आगीजवळ धरावं लागे. आता पान्याने नट आवळले की झालं. पण माझं ऐका, घाई करू नका. घरातल्या टिपऱ्या घ्या आणि आधी ऐका. लॉस मुन्येकितोस दे मातान्सास, १९५२ पासून चाललेलं पथक, पिढी बदलली तरी तेच तेज. मग नखांनी कोंगा वाजवणारा ताता गुइनेस. तबलजींना तो विशेष आवडेल. दर वेळी आधी फक्त क्लावे पकडा. ती पक्की झाली की सर्वांत खालचा जाड ढोल शोधा, तो सापडायला वेळ लागतो, इअरफोन चांगले लागतात. किंतोसाठी वेगळे कष्ट घ्यावे लागत नाहीत. नाचणारे दिसतील असा व्हिडिओ मिळाला, तर तो त्यांच्याकडे बघत ऐका.