मी 'नाही' का म्हटलं

रविवार रात्र, साडेदहा

बूट अजून दारातच आहेत, चिखलासकट. लेक ओवी दोनदा अडखळली त्यांना. धुवायचं त्राण नाही, आणि हे लिहून काढल्याशिवाय झोप यायची नाही.

दिवस तसा चांगला गेला. सकाळी शेफील्डहून बॅमफर्डची गाडी धरली. टोटलीचा लांबलचक बोगदा संपला की डब्यात एकदम उजेड येतो आणि खिडकीत हिरव्या टेकड्या उभ्या राहतात. इथे इंग्लंडात अकरा वर्षं झाली, तरी त्या क्षणाला मी हातातला फोन खाली ठेवते. स्टेशनावरून गावात, गावातून वर बॅमफर्ड एजला. चढ चांगलाच आहे. फाटक उघडायचं, आत शिरायचं, मागे वळून पुन्हा लावायचं, म्हणजे मेंढ्या बाहेर पडत नाहीत. हेदरची झुडपं ऐन भरात होती. ऑगस्ट संपता संपता हा सगळा उघडा माळ जांभळा होतो, आणि ऊन पडलं की मधासारखा वास सुटतो.

कड्यावर पोचलं की खाली लेडीबोवर धरणाचा जलाशय. ॲशॉप्टनचा पूल, समोर विन हिलचं टोक, आणि मधे ते शांत, राखाडी पाणी. मी माझ्या नेहमीच्या दगडाकडे गेले तर तिथे एक बाई आधीच बसलेल्या. पासष्टीच्या असतील. सरकून जागा दिली, थर्मासच्या झाकणात चहाही दिला. आणि मग काठीने पाण्याकडे दाखवत म्हणाल्या, "त्या वळणाच्या पलीकडे माझ्या आईचं गाव आहे."

आहे म्हणाल्या. होतं नाही म्हणाल्या.

डरवेंट गावाची गोष्ट मला ठाऊक होती, इथे फिरणाऱ्या सगळ्यांनाच असते. १९३५ ते १९४३ धरणाचं काम चाललं, डरवेंट आणि ॲशॉप्टन ही दोन गावं पाण्याखाली गेली, १९४५च्या सप्टेंबरात राजा सहावा जॉर्ज उद्घाटनाला आला. पण बाईंच्या तोंडून ती गोष्ट वेगळी ऐकू येत होती. चर्चचा मनोरा तेवढा मुद्दाम ठेवला होता, तो पाण्यातून वर दिसायचा, आणि १५ डिसेंबर १९४७ला तोही सुरुंग लावून पाडला. गावातला जुना दगडी पूल मात्र एकेक दगड सोडवून नेला आणि वर, हाउडन धरणाच्याही पलीकडे, स्लिपरी स्टोन्सला पुन्हा उभा केला. कबरस्तानातली माणसंही उकरून बॅमफर्डच्या चर्चच्या आवारात आणून पुरली. "माझी पणजी अशी मेल्यावर घर बदलून आली," त्या म्हणाल्या. २०१८च्या कोरड्या उन्हाळ्यात पाणी खाली गेलं आणि गावाचे दगड वर आले, तेव्हा त्या आईला घेऊन काठावर गेल्या होत्या. आईने बराच वेळ बघितलं आणि एवढंच म्हणाली, "ते आमचं नाही, शेजाऱ्यांचं."

मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे, भारतात, असं काही आहे का?"

मी म्हटलं, "नाही. असं नाही."

त्यांनी मान हलवली, थर्मासचं झाकण लावलं, काठी उचलली आणि गेल्या. मी बसून राहिले.

का म्हटलं मी नाही?

माझ्या आजीचं माहेर उजनीत आहे. पळसदेवच्या पलीकडे, भीमेच्या काठाला. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस पाणी चढलं तेव्हा आई लग्नाची होती. उन्हाळ्यात धरण खाली गेलं की पळसनाथाचं देऊळ वर येतं, लोक होडीतून दर्शनाला जातात. आम्ही गेलो होतो, मी आठवीत असेन. आजीने नाकाडोळ्याला पदर लावला होता, मला वाटलं वाऱ्यामुळे. तिथे पायाखाली वाळलेला गाळ, त्यात शिंपले आणि एक जातं. खालचा दगड नुसता. खुंट्याचा दगड कुणीतरी नेलेला.

हे एवढं सगळं असून मी नाही म्हटलं.

आधी वाटलं, लांबड कोण लावणार. मग वाटलं, 'माहेर' कसं सांगणार इंग्रजीत. बाईची आई लहानपणी गाव सोडून गेली, आजी तर लग्न होऊन आधीच गेलेली, मग तिचं काय बुडालं, हे समजावताना माझ्याच तोंडात गोष्ट पातळ झाली असती. ही कारणं खरी आहेत, पण त्यांनी समाधान होत नाही. खरं सांगायचं तर, मला भीती वाटली की त्या "अरेरे" म्हणतील. पूर, दुष्काळ, धरण, आपल्याकडचं सगळं ऐकताना इथल्या माणसांच्या चेहऱ्यावर जे येतं ना, ते मला आजीच्या गावासाठी नको होतं. त्यांच्या गावाला मनोरा, पूल, तारखा. आमच्या गावाला काय, तर पुनर्वसनाच्या यादीतला एक क्रमांक. बरोबरीने दोन गावं मांडायची हिंमतच झाली नाही.

उतरताना वाईट वाटत होतं, सगळ्याचंच. इतकी वर्षं मी इथे दुसऱ्यांच्या दऱ्या, दुसऱ्यांच्या आज्या ऐकत आलेय, माझी कुणी विचारली तर मीच दार लावते. झुडपातून एक ग्राउस पक्षी फडफडत उडाला. त्याचं ओरडणं इथले लोक 'गो बॅक, गो बॅक' असं ऐकतात. आज मलाही तसंच ऐकू आलं आणि डोळे भरून आले. घरी हे सांगितलं नाही.

संध्याकाळी आईला फोन केला. तिने हॅलोच्या आधी बातमी दिली, "उजनी भरली गं, शंभर टक्के! काल दरवाजे उघडले." आवाजात लग्नघर. तिच्यासाठी ते आनंदाचंच आहे, ऊस त्या कालव्यावर आहे, उन्हाळाभर गावात एकच विषय असतो, उजनी किती टक्के. ११७ टीएमसीचं धरण, त्यातला ६३च्या वर मृतसाठा. पाणी उणे टक्क्यांत गेलं की सगळे हवालदिल होतात, आणि आजीचं माहेर तेव्हाच दिसतं. म्हणजे आमच्या घरात तरी दोन्ही एकदम होणं शक्य नव्हतं. आजी हे कसं सोसत होती? भरलं की शेजारणींबरोबर तीही पेढा खायची, मी बघितलंय.

मी विचारलं, "आजी कुठल्या गावची म्हणून सांगायची?"

"नव्या गावठाणाचं नाव सांगायची."

"आणि जुनं?"

"ते कुणी विचारायचं नाही. विचारलं तर म्हणायची, नाही तिथे आता काही." मग थोडं थांबून आई म्हणाली, "तूही तिच्यासारखंच बोलतेस."

मी काही बोलले नाही. ती उसाबद्दल सांगत राहिली, पंधरा मिनिटं.

फोन ठेवल्यावर मी नळ सोडून किटली भरली. लेडीबोवरचं पाणी शेफील्डलाही येतं, डर्बी, नॉटिंगहॅम, लेस्टरलाही जातं. अकरा वर्षं मी त्या बाईंच्या आईच्या गावाचं पाणी पितेय आणि आज दुपारपर्यंत हे मनातही आलं नव्हतं. त्यांनी ते बोलून दाखवलं नाही. रागही दिसला नाही. दरी बघत चहा पीत होत्या, बस.

आजीचा 'नाही' आणि माझा 'नाही' एकच आहे का, ते मला अजून कळत नाही. तिला विषय मिटवायचा असायचा. मला कदाचित सांभाळायचा होता. कदाचित.

स्टॅनेजच्या कड्याच्या पायथ्याशी नेच्यांमधे जाती पडलेली आहेत, शेकड्यांनी, घडून तयार, कुणी न्यायला न आलेली. पीक डिस्ट्रिक्ट, म्हणजे इथलं राष्ट्रीय उद्यान, त्याच्या हद्दीवरच्या पाट्यांवर त्याच जात्याची खूण असते. मागच्या वर्षी ओवी त्यातल्या एकावर बसून सँडविच खात होती आणि मी तिला उगाच उठवलं. "अगं, पाय लागतोय त्याला," म्हटलं. ती म्हणाली, "दगड तर आहे, आई." तेव्हा मी तिलाही काही सांगितलं नाही.

पुढच्या रविवारी ती येते म्हणाली आहे. ग्रिंडलफर्डला नको, पुन्हा बॅमफर्डलाच जाऊ. बूट सकाळी धुते.