आधी एसएमपीएस, मग स्लॉट, कार्ड शेवटी : आमची वाटचाल

कोल्हापुरात राजारामपुरीत आमचं कॉम्प्युटरचं दुकान २०१२ साली सुरू झालं. पहिली आठ-नऊ वर्षं असेंबलिंग, फॉरमॅट, टोनर रीफिल आणि शाळांच्या लॅबची एएमसी (वर्षभराच्या देखभालीचं कंत्राट) यात गेली, आणि ती चांगली गेली. लिहायचं आहे ते २०२१ आणि २०२२ बद्दल. त्या दोन वर्षांत दुकान बंद पडायला आलं होतं. आम्ही त्या काळात काउंटरवर जे सांगत होतो, ते कोल्हापुरातल्या गेमिंगवाल्या पोरांनी दुसरीकडे पैसे घालवल्यावरच खरं मानलं.

२०२१ च्या नोव्हेंबरात आम्ही एका वितरकाला आठ आरटीएक्स ३०६० ग्राफिक कार्डांचे (गेमचं चित्र तयार करणारं कार्ड) पैसे आगाऊ दिले. भाव जाहीर किमतीच्या दुपटीच्या आसपास होता, वर दोन कार्डांमागे एक न खपणारा मदरबोर्ड घ्यायची अट. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या बाजारात, संध्याकाळी फोन केला की रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं सकाळी पार्सल हातात, ही आमची इतक्या वर्षांची सवय. हे पार्सल मे महिन्यात आलं. तोवर भाव उतरणीला लागले होते. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग (ग्राफिक कार्डं चोवीस तास चालवून नाणी कमावणं) कायमचं बंद झालं, तेव्हा वापरलेल्या कार्डांचे ढीग बाजारात आले आणि आमच्या शेल्फवरच्या नव्या कार्डांकडे कोणी बघेना. आठातली पाच तोट्यात गेली. वितरकानं फरक दिला नाही, मदरबोर्डही परत घेतले नाहीत. पतसंस्थेनं हप्ते लांबवून दिले म्हणून गाळा राहिला. तेव्हापासून आम्ही कार्डासाठी आगाऊ पैसे भरत नाही. नव्यानं धंद्यात येणाऱ्यांनाही हेच सांगतो : माल दिसल्याशिवाय पैसा सोडू नका, आणि ग्राफिक कार्डाचा साठा तर करूच नका.

त्याच वर्षी आमच्या गल्लीच्या तोंडाशी दुसरं दुकान उघडलं. तिथे आरएक्स ५८० हे ग्राफिक कार्ड आमच्या निम्म्या भावात, चकाचक, पंखे नवे, 'बॉक्स नाही, बिल नाही, बाकी नवीनच'. आमची जुनी गिऱ्हाइकं समोरून तिकडे गेली. त्यातली बरीच कार्डं पुढे दुरुस्तीला आमच्याच टेबलावर आली, आणि तक्रार मात्र 'तुम्ही तेव्हा नीट सांगितलं नाही' अशी. सांगितलं होतं. इथे पुन्हा सांगतो.

मायनिंगमध्ये चोवीस तास चाललेल्या कार्डाची मुख्य चिप सहसा मरत नाही. पंख्याचं बेअरिंग जातं, थर्मल पॅड (मेमरीची उष्णता कूलरकडे नेणाऱ्या मऊ पट्ट्या) कोरडे पडतात, मेमरी भाजते. बायोस, म्हणजे कार्डातला मूळ प्रोग्रॅम, बदललेली असते ती वेगळीच : मेमरीचं टायमिंग मायनिंगसाठी ताणलेलं, त्यामुळे डेस्कटॉपवर सगळं ठीक आणि गेम उघडला की ठिपके नाहीतर काळा पडदा. घेण्याआधी बॅकप्लेटच्या, म्हणजे कार्डाच्या पाठीवरच्या पत्र्याच्या, कडेला तेलकट ओघळ बघा, ते पॅडमधून सुटलेलं सिलिकॉन तेल असतं. पोर्टांजवळच्या धातूच्या पट्टीवर गंज आणि चिपांच्या पायांपाशी पांढुरका थर दिसला, तर कार्ड धुतलेलं आहे. मग जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडा. खऱ्या आरएक्स ५८० मध्ये २३०४ शेडर (चित्राचा हिशेब करणारे छोटे भाग) असतात. २०४८ दिसले तर ते कमी ताकदीचं २०४८ एसपी मॉडेल आहे, बॉक्सवर काहीही छापलेलं असो. जुन्या जीटीएस ४५० किंवा ५५० टीआय कार्डांवर बायोस चढवून '१०५० टीआय' म्हणून विकलेली कार्डंही आली होती. जीपीयू-झेड त्यांच्या नावापुढे 'फेक' लिहून मोकळं होतं.

आमच्या उघड्या टेस्ट बेंचवर कार्ड अर्धा तास फरमार्क या पूर्ण भार टाकणाऱ्या प्रोग्रॅमवर चालतं, नंतर ओसीसीटी या दुसऱ्या प्रोग्रॅमवर मेमरी तपासली जाते. तापमान आणि हॉटस्पॉट (चिपवरची सगळ्यात तापलेली जागा) दोन्ही वहीत लिहितो. दोघांत १०-१५ अंशांचा फरक असेल तर ठीक. २५-३० वर गेला की चिप आणि कूलरमधली पेस्ट सुकली आहे किंवा कूलर नीट टेकलेला नाही. घरी पॅड बदलणाऱ्यांची नेहमीची चूक : १ मिमीच्या जागी दीडचा पॅड. मेमरीवर कूलर उचलला जातो, चिपवर फट राहते आणि कार्ड आधीपेक्षा जास्त तापतं. जुना पॅड व्हर्नियरनं मोजा, पण दबलेल्या भागावर नको. जिथे दाब पडलेला नाही त्या कडेला मोजा.

आता एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा. इथे आमचा आवाज चढतो, त्याला इलाज नाही. कॅबिनेटबरोबर आलेल्या डब्यावर '४५० वॅट' लिहिलेलं असतं. ते सोडा, लेबलवर १२ व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिलेत ते वाचा. १६ अँपिअर असतील तर १२ गुणिले १६, म्हणजे १९२ वॅट. गेमिंग मशीनचा जवळजवळ सगळा भार याच लाइनवर असतो. मदरबोर्डवरच्या स्लॉटमधून (कार्ड बसतं ती खाच) कार्डाला ७५ वॅट मिळतात, ६ पिनच्या केबलमधून ७५, ८ पिनच्या केबलमधून १५०. समोरच्या दुकानात साटा-ते-६ पिन कन्व्हर्टर फुकट द्यायचे, म्हणजे हार्डडिस्कच्या वीज प्लगवरून कार्डाला वीज. साटा प्लगमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना, प्रत्येकी दीड अँपिअर, एकूण ५४ वॅट. त्यातून ७५ ओढले की प्लॅस्टिक वितळतं. असे करपलेले चार प्लग आम्ही ड्रॉवरमध्ये ठेवले आहेत आणि प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला दाखवतो.

यूपीएसचंही तसंच. ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे साधारण ३६० वॅट. गेम चालू असताना लाइट गेली आणि मशीन यूपीएससकट बंद पडलं, तर बॅटरीला दोष देण्याआधी भार मोजा.

मार्केट यार्डातले एक गुळाचे अडते आहेत, आम्ही त्यांना काका म्हणतो. त्या खराब वर्षातही ते समोरच्या दुकानात गेले नाहीत. त्यांच्या मुलाचं मशीन आमच्या वहीत पहिल्या दिवसापासून आहे : आय५-४४६० प्रोसेसर, एच८१ मदरबोर्ड. २०१६ च्या शेवटी जीटीएक्स १०५० टीआय कार्ड घातलं. ते ७५ वॅटचं, वेगळी केबल नको, जुना एसएमपीएस चालला. पुढे जीटीएक्स १६६० सुपर कार्ड घेताना आम्ही आधी ५५० वॅटचा चांगला एसएमपीएस बसवला. काकांनी विचारलं, "कार्डाचं मागितलं, डब्याचं का?" लेबल दाखवलं, गुणाकार केला. हिशेबाचा माणूस, लगेच पटलं.

२०२२ मध्ये त्या मुलाला मित्रांनी आरएक्स ६५०० एक्सटी सुचवलं, समोर ते मिळतही होतं. आम्ही नको म्हटलं. हे कार्ड फक्त चार लेन, म्हणजे मदरबोर्डशी डेटाची देवाणघेवाण करायच्या चार वाटा, वापरतं. पीसीआय ४.० स्लॉटमध्ये चार लेन म्हणजे सेकंदाला सुमारे ८ जीबी, ३.० मध्ये ४, आणि एच८१ चा स्लॉट २.० चा, म्हणजे २. कार्डावरची मेमरी ४ जीबीच. ती भरली की गेम या अरुंद वाटेनं रॅमकडे धावतो आणि चित्र अडखळतं. शिवाय त्यात व्हिडिओ एन्कोडर (रेकॉर्डिंग करणारा भाग) नाही, गेम रेकॉर्ड करायचा तर सगळा ताण प्रोसेसरवर. त्याच्या मित्रानं ते कार्ड एच६१ बोर्डवर घातलं आणि महिन्याभरात विकायला काढलं.

प्रोसेसर अडवतोय का कार्ड, हे घरीच कळतं. रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणा. फ्रेम वाढल्या नाहीत तर कार्ड बदलून काही होणार नाही. काकांकडे वाढल्या नाहीत. म्हणून २०२३ मध्ये आधी खालचा अर्धा भाग बदलला : आय५-१२४००एफ, बी६६० बोर्ड, ८ जीबीच्या दोन रॅम, एक १६ ची नव्हे. चार महिन्यांनी आरटीएक्स ४०६०, ११५ वॅट, आठ लेन, ५५० चा तोच एसएमपीएस. कार्ड बदलताना इंटरनेट काढून सेफ मोडमध्ये डीडीयू या सॉफ्टवेअरनं जुना ड्रायव्हर पुसला. मशीन बंद, वायर काढली, पॉवर बटण दाबून उरलेला चार्ज सोडला आणि स्लॉटची कळ दाबूनच जुनं कार्ड ओढलं. ही कळ न दाबता ओढल्यानं स्लॉट उखडलेले बोर्ड आम्ही पुष्कळ बघितले आहेत.

दुसऱ्या दिवशी काकांचा फोन : "पोरगं म्हणतंय स्क्रीनच येत नाही." एचडीएमआय केबल मदरबोर्डला लावली होती. १२४००एफ मध्ये ग्राफिक्स नाही, तिथून चित्र येणार कसं? खाली कार्डाच्या पोर्टला लावायला सांगितली, मग डिस्प्ले सेटिंगमध्ये ६० चे १४४ हर्ट्झ करायला लावले.

आता तो मुलगा आरटीएक्स ५०६० विचारतोय. मेमरी पुन्हा ८ जीबीच. वहीत त्याच्या पानावर 'थांब' असं लिहून ठेवलं आहे, आणि खाली : पंखे साफ, पेस्ट बघणे, दिवाळीआधी.