नानांच्या उठाबशा

ठाण्याच्या नौपाड्यातली आमची जुनी इमारत तीन मजल्यांची होती आणि तिला लिफ्ट नव्हती. माझे वडील, ज्यांना घरात आणि गल्लीत सगळे नाना म्हणतात, वयाच्या ८४व्या वर्षापर्यंत दिवसातून दोनदा तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरत आणि पुन्हा वर चढत. सकाळी दुधासाठी, संध्याकाळी तलावपाळीसाठी. मासुंदा तलावाला एक फेरी, कौपिनेश्वराचे बाहेरूनच दर्शन आणि मग गडकरी रंगायतनजवळ समवयस्कांबरोबर अर्धा तास, असा क्रम ठरलेला असे. याला त्यांनी कधी व्यायाम म्हटले नाही. इमारत पुनर्विकासाला गेली आणि काही वर्षे भाड्याच्या घरात काढून आम्ही नव्या टॉवरच्या अकराव्या मजल्यावर परतलो, तेव्हा पायऱ्यांची कटकट एकदाची संपली, याचा सर्वांना, नानांनाही, आनंदच झाला होता.

अतिवृद्ध माणसाची हालचाल उतारावरून घरंगळल्यासारखी हळूहळू कमी होते, असा माझा समज होता. नानांची मात्र जिन्यासारखी, पायरीपायरीने खाली आली. लिफ्ट ही पहिली पायरी. तलावपाळीवरचे सोबती एकेक करून कमी झाले, तेव्हा संध्याकाळी बाहेर पडण्याचे कारणच उरले नाही, ही दुसरी. तिसरी पायरी गेल्या पावसाळ्यातली, आणि ती सर्वांत उंच होती.

तापाचे निमित्त होऊन त्यांना आठ दिवस रुग्णालयात ठेवावे लागले. औषधोपचारांबद्दल माझी तक्रार नाही. पण पडतील या भीतीने त्यांना खाटेवरून उतरूच दिले नाही, स्वतःच्या पायांनी न्हाणीघरात जाणाऱ्या माणसाला डायपर लावले, आणि आम्हीही, उगाच जोखीम नको म्हणून, मान डोलावली. ताप उतरला, पण घरी आलेल्या नानांना खुर्चीतून उठता येईना. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात सरासरी ६७ वर्षांच्या निरोगी स्त्रीपुरुषांना दहा दिवस अंथरुणावर ठेवले होते. तेवढ्यात त्यांच्या पायांतले, चरबी वगळता, जवळजवळ एक किलो वजन घटले. ते निरोगी होते. नाना ८९ वर्षांचे आणि आजारी होते.

खुर्चीतून उठणे ही किती मोठी गोष्ट आहे, हे मी तोपर्यंत कधी पाहिलेच नव्हते. नाना आधी सरकत सरकत खुर्चीच्या कडेपर्यंत येतात, पावले गुडघ्यांच्या मागे ओढून घेतात, तळवे खुर्चीच्या हातांवर टेकवतात, मग छाती पुढे झुकवून एक झोका घेतात. पहिला झोका बहुधा वाया जातो आणि दुसऱ्याला, ओठ घट्ट मिटून, ते उभे राहतात. उतारवयात स्नायूंमधले झटपट आकुंचन पावणारे तंतू अधिक झिजतात, त्यामुळे ताकदीच्याही आधी झपाटा जातो, आणि उठायला किंवा तोल जाताना पाऊल टाकून सावरायला नेमका तोच लागतो. चालणे चांगलेच, पण नुसत्या चालण्याने ही उणीव भरून निघत नाही.

घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी म्हणूनच फेऱ्यांऐवजी खुर्चीतून उठणे-बसणे सुरू केले: सकाळी पाच वेळा, संध्याकाळी पाच वेळा. “यात कसला आलाय व्यायाम? उठाबशा आम्ही शाळेत शिक्षा म्हणून काढल्यात,” असे नानांनी त्यांना ऐकवले आणि काढल्याही. बाईंनी सांगितले म्हणून मी १९९०चा बॉस्टनमधला प्रयोग वाचला. वृद्धाश्रमातल्या, नव्वदीच्या आसपासच्या दहा अशक्त व्यक्तींकडून आठ आठवडे पायांनी वजने उचलून घेतली गेली. ज्या नऊ जणांनी तो पूर्ण केला, त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. जागतिक आरोग्य संघटनेची २०२०ची मार्गदर्शक तत्त्वे आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगतात, पण पासष्टीचे आणि नव्वदीचे एकाच रांगेत बसवतात, हे मला पटत नाही. त्यातला, तोल आणि ताकद यांचा सराव आठवड्यातून किमान तीन दिवस करावा, हा भाग मात्र आमच्या कामाचा निघाला.

अडचण आमच्या सेवेची होती. पाण्याचा तांब्या हाताशी, चष्मा हाताशी, रिमोट हाताशी, बेल वाजली की धावायला सूनबाई; उठण्याची सगळी कारणे आम्ही प्रेमाने काढून घेतली होती. आता तांब्या स्वयंपाकघरात असतो. नातेवाइकांना ते निष्ठुरपणाचे वाटते आणि एका आत्याने तसे स्पष्ट सुनावलेही.

चार महिन्यांनंतर नाना तलावपाळीला जात नाहीत, आणि पुन्हा कधी जातील असे मला वाटत नाही. बेल वाजली की मात्र मी आणि माझी पत्नी जागचे हलत नाही. नाना झोका घेतात, उठतात, भिंतीला हात लावत दारापर्यंत जातात. कुरिअरवाले एवढा वेळ थांबत नाहीत, ही सध्या त्यांची मुख्य तक्रार आहे.