रुजू दिनांक

टाइम ऑफिसात २४ वर्षं झाली. रजेचे, उचलीचे, वारस लावायचे, शिफ्ट बदलून मागायचे, सगळ्या तऱ्हेचे अर्ज या टेबलावरून गेले. पण ज्या माणसाची हजेरी मी रोज मांडतो, त्याच्याच हातात फॉर्म देऊन 'आपणास येथे नोकरी का हवी आहे' हे लिहून घ्यायचं काम यंदा पहिल्यांदाच वाट्याला आलं.

आमचा साखर कारखाना पलूसच्या बाजूला. सहकारी. नाव सांगत नाही. दोन हंगाम धुराडं पेटलं नाही, पगार थकले, बँकेनं ताबा घेतला आणि एका खासगी कंपनीला भाडेपट्ट्यानं चालवायला दिला. दसऱ्याच्या आधी गेटवर नोटीस लागली: सर्वांनी नव्याने अर्ज करावेत, मुलाखतीतून निवड होईल. युनियनच्या अध्यक्षांनी गेटवर तावातावानं भाषण केलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला फॉर्म त्यांनीच नेला.

फॉर्ममध्ये 'यापूर्वीचा अनुभव, संस्थेचे नाव' असा रकाना होता. मिल हाउसच्या एका फिटरनं त्यात फक्त 'हीच' असं लिहिलं. एचआरच्या मॅडम पुण्याहून आलेल्या, वयानं माझ्या मुलीएवढ्या, स्वभावानं वाईट नव्हत्या. म्हणाल्या, "काका, ही संस्था वेगळी, आमची कंपनी वेगळी. हा बाहेरचा अनुभव धरायचा." ज्या शेडमध्ये तो वीस वर्षं मिलच्या रोलरखाली पाठीवर झोपून काम करत होता, तिथलाच अनुभव बाहेरचा!

मग अनुभवाचे दाखले. ते टाइप करणार मी, सही करणार कार्यकारी संचालक. पण साहेबांनाही अर्ज करायचा होता, मग त्यांच्या दाखल्यावर सही कुणाची? शेवटी त्यांच्या दाखल्यावर चीफ अकाउंटंटनं सही केली आणि चीफ अकाउंटंटच्या दाखल्यावर साहेबांनी. माझा दाखला मीच टाइप केला. स्वतःबद्दल 'वर्तणूक चांगली' असं टाइप करताना हात जरा अडखळला, पण केलं.

दाखले देता आले ते हजेरीची जुनी मस्टरं जागेवर होती म्हणून, आणि हे मी मुद्दाम लिहितोय. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली तेव्हा आमच्या ऑफिसात खिडकीच्या चौकटीला पाणी लागलं होतं. पाणी चढायच्या आत आम्ही तिघांनी वरच्या फळ्यांवरची रजिस्टरं गच्चीवर नेली. खालच्या फळीवरची राहिली. पाणी ओसरल्यावर ती विटेसारखी फुगून घट्ट झाली होती. ओलं मस्टर उघडायला जायचं नाही, पान पानाला घेऊन फाटतं. आधी उभं करून निथळू द्यायचं, मग पानांमध्ये वर्तमानपत्राचे कागद सरकवायचे, आणि ते कागद दिवसातून तीनदा बदलायचे. कॉलनीच्या हॉलमध्ये पंख्याखाली जवळजवळ महिनाभर हेच चाललं होतं. निळ्या शाईचं बरंच गेलं. बॉलपेनचं आणि कार्बनचं राहिलं. एकाही संचालकानं येऊन विचारलं नाही. खर्चाच्या व्हाउचरवर मात्र 'वर्तमानपत्र रद्दी रु. ४००' यावर ऑडिटरनं शेरा मारला.

मुलाखती गेस्ट हाउसवर झाल्या. कागद पुरवायला मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर. ड्रायव्हर, वायरमन, क्लार्क झटपट उरकले. मग पॅनचे तात्या आले. कारखान्यात सगळे त्यांना तात्याच म्हणतात. नववी नापास, वय ५३.

बाहेरच्याला वाटतं साखर मशीन करतं. मशीन रस काढतं, पाक आटवतं. दाणा धरायला पॅनमन लागतो. पॅन म्हणजे बंद भांडं, आत व्हॅक्यूम, म्हणून पाक कमी तापमानाला शिजतो आणि जळत नाही. पाक नेमका दाटला की साखरेचं बारीक बी सोडायचं आणि तो दाणा वाढवत न्यायचा. घाई केली तर मधेच नवा बारीक दाणा सुटतो. त्याला फॉल्स ग्रेन म्हणतात. तो वेळीच पाणी देऊन विरघळवला नाही तर पुढं सेंट्रिफ्यूगलला, म्हणजे गरगर फिरून साखर आणि मळी वेगळी करणाऱ्या मशीनला, मळी सुटत नाही आणि अख्खा घाणा वाया जातो. मीटर असतात, नाही असं नाही. पण तात्या प्रूफ स्टिक, म्हणजे पॅनमधला नमुना काढायची दांडी, ओढून थेंब काचेवर घेणार, दिव्यासमोर धरणार, मग दोन बोटांत चोळणार आणि म्हणणार, "अजून धा मिन्टं."

समोर तिघं. मॅडमनी विचारलं, "कौशल्याचं काही प्रमाणपत्र?"

"न्हाई."

"तुमच्या कामातलं तुमचं बलस्थान काय?"

तात्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली. मग त्यांनी समोरच्या चहाच्या ट्रेमधली साखर चिमटीत घेतली, बोटांत फिरवली, तळहातावर पसरून खिडकीकडं धरली. "ही आपली न्हवं. ही यस हाय. आपण शेवटच्या हंगामात यम काढली."

एस म्हणजे बारीक दाणा, एम म्हणजे मध्यम. गोण्यांवर एस-३०, एम-३० असं छापलेलं असतं, तेच. साखर दुसरीकडचीच होती. आपलं गोडाउन बँकेच्या सीलमध्ये, मीच बाजारातून आणायला लावली होती. कंपनीचे टेक्निकल साहेब पहिल्यांदा खुर्चीत सरळ झाले. मॅडमनी कागदावर काहीतरी लिहिलं. नंतर फाइल लावताना मी ते वाचलं: 'कम्युनिकेशन ॲव्हरेज'.

निवड झाली. यादीत बहुतेक जण होतेच, नाहीतर कारखाना चालवायचा कुणाला घेऊन? पण गंमत सगळी फॉर्मच्या मागच्या बाजूला, कलम नऊमध्ये होती. 'मी नव्याने रुजू होत असून मागील सेवेबाबत कंपनीकडे कोणताही हक्क सांगणार नाही.' शिवाय तात्यांसारखे कायम असलेले बरेच जण आता 'हंगामी'.

यात काय जातं ते लोकांना लवकर कळत नाही. ग्रॅच्युइटी कायमवाल्याला वर्षाला १५ दिवसांच्या पगाराची, हंगामीला हंगामाला ७ दिवसांची. रुजू दिनांक नवा पडला की ग्रॅच्युइटीला लागणाऱ्या पाच वर्षांची मोजणीही पहिल्यापासून. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात २५-एफएफ म्हणून कलम होतं: उद्योगाची मालकी किंवा व्यवस्थापन दुसऱ्याकडं गेलं तर एकतर सेवा न तोडता, आधीपेक्षा कमी नाहीत अशा अटींवर माणसं पुढं घ्यायची, नाहीतर कपात केल्यासारखी नोटीस आणि भरपाई द्यायची. हे मला ठाऊक होतं. टाइम ऑफिसच्या माणसाला ठाऊक असावंच लागतं. त्या दिवशी टेबलावरून मी ते कुणाला सांगितलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं, असं मी स्वतःला सांगत आलोय. लोकांनी कलम विचारलंच नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "बापू, करू का सही?" आणि मी म्हणत राहिलो, "करा."

तात्यांनी वेगळं विचारलं. फॉर्म माझ्यासमोर ठेवून पेनाचं टोपण काढलं आणि म्हणाले, "तू केलीस का?"

"केली," मी म्हणालो.

तेव्हा माझा फॉर्म कोराच ड्रॉवरमध्ये पडून होता. सही मी संध्याकाळी पाचनंतर केली. पतसंस्थेचा हप्ता, मुलीचं शेवटचं वर्ष, कारणं होती. सगळ्यांनाच होती.

नव्या मशीनवर तात्यांचा अंगठा लागत नाही. वर्षानुवर्षं गरम पाक चोळून बोटांवरच्या रेषाच गेल्यात. दहाही बोटं लावून पाहिली, मशीन आपलं 'पुन्हा प्रयत्न करा'. आता त्यांची हजेरी मी वहीत मांडतो आणि दर महिन्याला पुण्याला मेल करून कारण कळवतो.

जुनी मस्टरं रद्दीत घालायचा तोंडी निरोप आला. मी काटा पावत्यांच्या वह्या काढून दिल्या. मस्टरं आहेत तिथंच आहेत, कपाटाची किल्ली माझ्याकडं.

परवा शिफ्ट सुटल्यावर तात्या आले. "नव्या रजिस्टरला माझी तारीख काय लिवलीस?"

"१५ नोव्हेंबर."

"आन जुनी?"

मी कपाट उघडलं. १९९५ च्या हंगामाचं मस्टर, पानावर मधोमध वाळलेल्या गाळाचा पट्टा. त्यांनी चष्मा लावून बोट खाली खाली नेलं. आपलं नाव सापडायच्या आधी दोन जणांवर थांबले. एक वारलेला, एक मुलाकडं भोसरीला गेलेला. मग म्हणाले, "ह्याची झेरॉक्स काढून दे."

कंपनीच्या मशीनला पासवर्ड आहे. मस्टर पिशवीत घालून स्टँडसमोरच्या दुकानात गेलो. गाळाचा पट्टा अगदी काळा आला. नाव आणि तारीख त्याच्या वरच्या ओळीत होती, म्हणून वाचता येते. दोन प्रती काढल्या.