नव्या पिल्लाला वेगळं का ठेवता?

“बिचारं एकटंच ओरडतंय, त्याला घरातल्या त्या दोन मांजरांत सोडत का नाही?” इंदूरला लोकमान्य नगरात आमच्या घरी येणारा प्रत्येक जण हे विचारतो. बेवारस मांजरपिल्लांना कायमचं घर मिळेपर्यंत आम्ही सांभाळतो. नवं पिल्लू आलं की दोन आठवडे त्याची खोली वेगळी.

याचं कारण पॅनल्यूकोपेनिया, म्हणजे मांजरांत पसरणारा एक विषाणूजन्य आजार. हा आजार झाला की कालपर्यंत उड्या मारणारं पिल्लू दोन दिवसांत जाऊ शकतं. लागण झाल्यावर लक्षणं दिसायला आठवडा, कधी दहा दिवस लागतात; घरात मात्र विषाणू वर्षभर टिकू शकतो. फिनाइल इथे निरुपयोगी, शिवाय मांजरांना विषारी. एक भाग द्रव ब्लीचला ३२ भाग पाणी घेऊन फरशी पुसायची, दहा मिनिटं ओली ठेवायची. लस सहा-आठ आठवड्यांपासून सुरू होते, पण एका डोसवर भागत नाही. पिल्लू एकटं पडलंय याचं मलाही वाईट वाटतं, म्हणून मी त्याच्याजवळ जाऊन बसते, बाहेर येताना कपडे बदलते. दार मात्र उघडत नाही.

पंधरवडा सुखरूप गेला की ओळख सुरू होते, तीही वासाने. एकाच्या गालावरून फडकं फिरवायचं आणि दुसऱ्याच्या ताटलीखाली ठेवायचं. परवाच आमच्या काळ्या बोक्याने फडकं हुंगलं, फिस्कारला, दोन पावलं मागे सरला आणि मग त्याच फडक्यावर पाय ठेवून जेवला. हे झालं की बंद दाराच्या दोन्ही बाजूंना ताटल्या, मग मध्ये जाळी, आणि शेवटी दहा मिनिटांची भेट.

त्या भेटीत फिस्कारणं, पंजा उगारणं चालायचंच, लगेच उचलू नका. कधी हा वर, कधी तो वर आणि आवाज नाही, म्हणजे खेळ. कान मागे चिकटले, किंकाळी आली, एकच सारखा पळतोय, तर मध्ये पुठ्ठा घाला. हात घालू नका, चावा बसतो.

दोन महिन्यांखालची पिल्लं बहुधा एका संध्याकाळीच गुंतून झोपतात. चार-पाच महिन्यांच्यांना आठवडेही लागतात, आणि ते लागू द्यावेत.