चार कळा, वीस सेकंद आणि जुना आयमॅक

सांगलीत माझा लग्नपत्रिका आणि पुस्तकांच्या अक्षरजुळणीचा व्यवसाय आहे व त्याचा बहुतेक भार २०१५ सालच्या एका २७ इंची आयमॅकवर, म्हणजे अॅपलच्या संगणकावर आहे. गेल्या पावसाळ्यापासून हा संगणक सुरू करताना पडद्यावर प्रश्नचिन्ह असलेला फोल्डर काही क्षण लुकलुकू लागला. त्यानंतर काम नेहमीसारखे चाले, पण सिस्टिम प्रेफरन्सेसमध्ये जाऊन निवडलेली स्टार्टअप डिस्क (संगणक जिच्यावरून सुरू होतो ती डिस्क), आवाजाची पातळी आणि पडद्याचे रिझोल्यूशन पुढच्या वेळी बदललेले असे.

दाखवायला नेले तेव्हा एका दुरुस्तीवाल्याने सरळ फॉरमॅट करण्याचा सल्ला दिला. दुसऱ्याने आतला सेल काढून पुन्हा बसवू, असे सुचवले. विंडोजच्या अनेक जुन्या संगणकांत बायोसच्या, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रणालीच्या नोंदी नाण्याएवढ्या सेलवर टिकून असल्यामुळे तिथे हा उपाय लागू पडतो. परंतु माझ्या आयमॅकमध्ये स्टार्टअप डिस्क, आवाज, रिझोल्यूशन यांसारख्या नोंदी एनव्हीरॅम या, वीज नसतानाही माहिती जपणाऱ्या मेमरीत असतात आणि सेलपर्यंत पोहोचण्यासाठी चिकटवलेला पडदा उचकटावा लागतो. एनव्हीरॅमच्या नोंदी मूळ स्थितीत आणण्याचा, म्हणजे रिसेटचा जो उपाय की-बोर्डवरून करता येतो, त्यासाठी पडद्याला हात लावण्याची जोखीम मला मान्य नव्हती.

या रिसेटने फाइल्स किंवा फॉन्ट पुसले जात नाहीत. तरीही ग्राहकांची कामे आत असल्याने मी आधी टाइम मशीनवर बॅकअप घेतला, संगणक पूर्ण बंद केला आणि पॉवरचे बटण दाबताच ऑप्शन, कमांड, पी व आर या चार कळा एकत्र धरल्या. ब्लूटूथ की-बोर्डची जोडणी इतक्या लवकर झाली नाही आणि आयमॅक नेहमीसारखा सुरू झाला. मग बिलिंगच्या संगणकाचा वायरचा यूएसबी की-बोर्ड आणून जोडला. त्यावर ऑल्ट म्हणजे ऑप्शन आणि विंडोजची कळ म्हणजे कमांड. या दोन कळांची जागा मॅकच्या की-बोर्डच्या तुलनेत उलट असते, म्हणून बोटे आधीच बसवून ठेवणे बरे. या वेळी सुरुवातीचा नाद झाला, मी कळा तशाच धरून ठेवल्या, यंत्र आपोआप पुन्हा सुरू झाले आणि दुसरा नाद ऐकल्यावर हात काढले. यास साधारण वीस सेकंद लागतात. फर्मवेअर पासवर्ड (मॅक दुसऱ्या डिस्कवरून सुरू होऊ नये म्हणून लावायचा पासवर्ड) लावलेला असेल, तर मात्र तो आधी काढावा लागतो. त्याशिवाय या कळांचा काही उपयोग होत नाही.

नंतर स्टार्टअप डिस्क, रिझोल्यूशन, आवाज आणि टाइम झोन पुन्हा निवडले. तेव्हापासून निवडलेली डिस्क टिकून आहे आणि प्रश्नचिन्ह दिसलेले नाही.

हीच कृती मिरजेच्या माझ्या भाच्याला त्याच्या एम१ मॅकबुकवर करायची होती. त्याला मी थांबवले, कारण नोव्हेंबर २०२० पासून आलेल्या अॅपलच्या स्वतःच्या चिपच्या मॅकवर हे चार कळांचे रिसेट नाही. इंटेलच्या, पण टी२ ही अॅपलची सुरक्षा चिप असलेल्या मॅकवर ते चालते. तिथे नादाऐवजी अॅपलचे चिन्ह दुसऱ्यांदा दिसून नाहीसे होईपर्यंत कळा धरून ठेवाव्या लागतात.