बेळगाव ते जैसलमेर: आईला आणि पोरांना घेऊन वाळवंटात

डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही पाचजणं जैसलमेरला जाऊन आलो. मी, हे, दोन पोरं (११ आणि ७) आणि माझी आई, वय ६८, गुडघे दुखणारे. निघायच्या आधी गल्लीत ज्याला त्याला एकच प्रश्न, आईंना कशाला घेऊन चाललाय, उंटावर बसवणार काय? तर होय, बसवलं, आणि तुम्हीपण घरातल्या मोठ्या माणसांना बिनधास्त घेऊन जावा, फक्त घाई करू नका. आमचा पहिला दिवस घाईतच वाया गेला म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय.

बेंगळुरू-जोधपूर एक्सप्रेस बेळगावला थांबते, तीच धरली. गाडी बदलायची कटकट नाही, पण रोज नसते, आणि रिझर्व्हेशन ६० दिवस आधी उघडतं तर त्याच दिवशी बसून लोअर बर्थ बघून घ्या. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि कुंदा बरोबर होता. जोधपूरला एक रात्र मुक्काम करा, पुढं जैसलमेर अजून २८०-एक किलोमीटर आहे, म्हाताऱ्या माणसांना एका दमात झेपत नाही.

जैसलमेरचा किल्ला ११५६ सालचा, पिवळ्या दगडाचा, आणि आत अजून माणसं राहतात, दारात कपडे वाळत घातलेले, पोरं क्रिकेट खेळतायत. आतल्या चढाला आईला दमानं नेलं. पटवा हवेली आणि गडीसर तलाव पण बघितलं, त्यावर सगळ्यांनी लिहिलंय, मी वाळूवर येते.

वाळूच्या टेकड्या बघायला बहुतेक सगळे सम नावाच्या गावाला जातात, शहरापासून ४० किलोमीटरच्या आसपास. आम्ही कॅम्पचं पॅकेज घेतलं होतं, संध्याकाळी उंट, मग जीप, मग नाचगाणं, जेवण. पोचायलाच उशीर झाला आणि सहाच्या सुमारास सूर्य बुडतो त्या वेळी तिथं आपल्या गणपती विसर्जनासारखी गर्दी, जीपचे हॉर्न, उंटांची रांग, त्यात आई म्हणाली मी नाही बाई चढत, तुम्ही जावा. जीपवाल्यानं तर टेकडीवरनं अशी गाडी सोडली की धाकट्याची हनुवटी पुढच्या दांडीवर आपटून ओठ फुटला. मी रात्रभर त्याला जवळ घेऊन बसले, फार जिवाला लागलं. म्हणून सांगते, जीप हवीच असेल तर बसायच्या आधी ड्रायव्हरला हळू चालव म्हणून स्पष्ट सांगा, लहान पोरांना उभं राहू देऊ नका, आणि पाठीचा, मानेचा त्रास असलेल्यांनी किंवा गरोदर बाईनं तर अजिबात बसू नये.

खरी मजा दुसऱ्या दिवशी सकाळी. तिकडं डिसेंबरात सूर्य सव्वासातनंतर उगवतो, आम्ही साडेसहालाच बाहेर पडलो, सगळा कॅम्प झोपलेला. वाळूवर वाऱ्याच्या बारीक बारीक लाटा उमटलेल्या आणि त्यावर किड्याच्या पायांची शिवण घातल्यासारखी रांग, पोरं पालथी पडून तेच बघत बसली. वाळू बर्फासारखी गार. आईनं ओंजळभर उचलली आणि बोटांतनं सोडत म्हणाली, "चुरमुऱ्याच्या भट्टीला असली पाहिजे होती बघ." तिच्या माहेरी भट्टी होती, तिला वाळू म्हटलं की तीच आठवते.

उंटवाला म्हातारा होता, त्यानं उंट उतारावर बसवला म्हणजे वरच्या बाजूनं पाय टाकायला सोपं जातं. साडीत बसता येत नाही, आईला माझा पंजाबी ड्रेस घातलेला. उंट उठताना आधी मागचे पाय उचलतो, आपण एकदम पुढं जातो, आणि बसताना आधी पुढचे गुडघे टेकतो, तेव्हापण पुढंच. दोन्ही वेळेला मागं रेलायचं आणि खोगिराची खुंटी घट्ट धरायची, एवढं लक्षात ठेवलं की भीती नाही. पंधरा मिनिटं हळूहळू फिरवून आणलं, खाली उतरून आई म्हणाली, "परत एकदा बसूया की." गुडघे अगदीच वाकत नसतील तर उंटगाडी मिळते, ती घ्या. आणि उंटाच्या नाकाला जखम दिसली किंवा तो लंगडत असला तर बसू नका, दुसरा मागा. २०१२ च्या पशुगणनेत देशात ४ लाख उंट होते, २०१९ ला अडीच लाख राहिले. चराऊ रानं कमी झाली, कामं ट्रॅक्टरनं होतात, त्यामुळं ज्यानं नीट पाळलाय त्यालाच पैसे जावेत असं मला मनापासनं वाटतं.

चढताना टेकडीच्या वाऱ्याकडच्या बाजूनं चढा, तिथं उतार कमी आणि वाळू घट्ट असते, दुसऱ्या बाजूला पाय खचतात. पोरांना घसरगुंडी मात्र त्याच बाजूला. मोबाईल प्लास्टिक पिशवीत, चष्म्याला दोरी, कॉन्टॅक्ट लेन्स नकोच. रात्री थंडी ७-८ डिग्रीपर्यंत उतरते, बेळगावची थंडी सोसतो म्हणून अंगावर एक स्वेटर घालून जाऊ नका, कानटोपी, मोजे आणि व्हॅसलिन घ्याच. कॅम्प ठरवताना तंबूला लागून संडास आहे का, गरम पाणी किती वाजता, स्पीकर किती वाजता बंद, उंटाचे पैसे माणशी की उंटामागं, हे सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. सुट्टे पैसे जवळ ठेवा, नेटवर्कचा भरवसा नाही. उन्हाळ्यात तर विचारच करू नका, ऑक्टोबर ते मार्च एवढंच बरं.

जेवणात कैर-सांगरी खाल्ली. कैर म्हणजे तिकडच्या काटेरी झुडपाची बारकी फळं, सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा, आणि खेजडी म्हणजे आपली शमी, दसऱ्याला आपल्याकडं कन्नड लोक बन्नी म्हणतात तीच. हे कळल्यावर आईनं आधी ताटाला हात जोडले. वाळवलेली सांगरी बाजारात मिळते, पावशेर आणली, रात्रभर ताकात भिजवून उकडली आणि वरनं आपलं घरचं तिखट घातलं, भाकरीबरोबर एकदम मस्त लागते.